किनाबातांगानच्या काठावरची गर्दी

मलेशियाने भारतीयांना व्हिसा माफ केला आणि मावशीने पासपोर्ट काढला. मावशीचा मिरजेत फरसाणाचा घरगुती धंदा आहे, पस्तीस वर्षांचा. तिला माकडं बघायची होती, मला बोर्निओ. म्हणून क्वालालंपूरहून बोर्निओ बेटावरच्या सबा राज्यातलं सांडाकान आणि तिथून व्हॅनने किनाबातांगान नदीकाठचं सुकाऊ.

शहर मागे पडलं तसं खिडकीबाहेर हिरवंगार सुरू झालं. टेकडीमागून टेकडी, नजर ठरेना. मी "काय जंगल आहे!" म्हणत फोटो काढत सुटले. मावशीच म्हणाली, "अगं, जंगलात झाडं ओळीत असतात होय?"

तेलताड होता तो, पामतेलाचं झाड. पुढचे दोन तास तोच.

वाटेत ड्रायव्हरने ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे गाडी थांबवली. पाच हेक्टरांचा मालक. काढणी चालू होती. लांबलचक दांड्याच्या टोकाला कोयता, मान वर करकरून आधी झावळी कापायची, मग घड. घड पडला की पायाखाली धप्प जाणवतं. वीसेक किलोचा असेल, आणि काटे असे की उचलायचा आकड्याने. विखुरलेली फळं एक बाई वेचून गोणीत भरत होती. कापणारे दोघे इंडोनेशियातून आलेले. सबामधल्या मळ्यांवर बहुतेक मजूर तिकडचेच. मावशीने एक फळ नखाने सोललं. आत शेंदरी, तंतुमय गर. तो रंग तिच्या नखांतून संध्याकाळपर्यंत गेला नाही.

घड कापला की दिवसभरात गिरणीत पोचावा लागतो, नाहीतर तेलातलं आम्ल वाढतं आणि भाव पडतो. त्यामुळे गिरणी मळ्याच्या जवळच हवी, आणि गिरणी परवडायची तर तिच्याभोवती हजारो हेक्टर ताड हवा. एकदा गिरणी उभी राहिली की आसपासच्या छोट्या शेतकऱ्यालाही दुसरं पीक सुचत नाही. जंगल मागे हटतं ते असं.

आरएसपीओ नावाची संस्था २००८पासून 'जंगल न तोडता काढलेलं तेल' म्हणून प्रमाणपत्र देते. जगातलं जेमतेम एक पंचमांश पामतेल त्यात बसतं. आमचा शेतकरी बसत नव्हता. त्याचं म्हणणं सरळ होतं: कागदपत्रांत महिना जातो आणि व्यापारी घडाला तोच भाव देतो. जास्तीचे पैसे मोजणारं गिऱ्हाईक युरोपात. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण, हे त्याने हसत सांगितलं. आपण. २०२२च्या दिवाळीत आपल्या सरकारने शंभर रुपयांत जो 'आनंदाचा शिधा' वाटला, त्यात रवा, साखर, चणाडाळीसोबत लिटरभर पामतेलच होतं.

"शेंगतेलात शेव तळली तर घेईल कोण?" मावशी मला म्हणाली. मग जरा वेळाने, "डब्यामागे मी पन्नास रुपये जास्त दिले, तर ते ह्याच्यापर्यंत पोचतील का?"

मला उत्तर देता आलं नाही. पामतेलावर बहिष्कार टाका म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. हेक्टरी तीन-साडेतीन टन तेल देणारं हे झाड; सोयाबीनचं अर्धा टनही निघत नाही. तेवढं तेल सोयाबीनमधून काढायचं तर आणखी कुठलं तरी रान जाणारच.

दुसऱ्या दिवशी पहाटे बोटीत. धुकं, चहाच्या रंगाची नदी, आणि मग जी गर्दी दिसली! लांब नाकाची माकडं फांदीफांदीवर. धनेश. चिखलात मगर. उंबराच्या जातीच्या झाडावर ओरांगउटानची मादी, पोटाला पिल्लू. पुढच्या वळणावर बोर्निओचे बुटके हत्ती, सोंडेने गवत उपटत. दोन तासांत सगळं. मी मनातल्या मनात हिशेब केला, पैसे वसूल.

नावाडीदादाने इंजिन बंद केलं. "इथे इतके दिसतात, कारण मागे जायला जागाच नाही," तो म्हणाला. त्याने हात केला त्या बाजूला झाडांच्या फटीतून ओळी दिसत होत्या. २००५ साली अभयारण्य जाहीर झालं ते दहा तुकड्यांत, मध्ये मळे. हत्ती कोवळ्या ताडाचा गाभा खातात म्हणून मळेवाले विजेची कुंपणं घालतात, की हत्ती पुन्हा काठावर. ओरांगउटानला पोहता येत नाही. पूर्वी ओढ्यावर दोन्हीकडच्या फांद्या भिडायच्या, आता भिडत नाहीत. एका ओढ्यावर अग्निशामक दलाच्या जुन्या होजपाइपांचा झुलता पूल बांधला होता, त्यांच्यासाठी. मावशी मान वळवून तो मागे जाईपर्यंत बघत राहिली.

दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्यावर तिचा फोन आला. तेलाच्या दुकानदाराला तिने विचारलं होतं, हे तेल येतं कुठून?

"मग? काय म्हणाला?"

"मार्केट यार्डातून."