तुम्ही विचारलंत म्हणून : हेल्मेटमध्ये बोलताना लक्ष उडत नाही का?

कोल्हापुरात रंकाळ्यावर चहाला थांबलो की कुणाचं तरी लक्ष हेल्मेटच्या डाव्या बाजूला बसवलेल्या इंटरकॉमकडे, म्हणजे चालत्या गाडीवरून एकमेकांशी बोलायच्या यंत्राकडे जातं. मग हमखास विचारणा होते, "गाडी चालवताना बोलत राहिलं की लक्ष उडत नाही का?"

उडतं. माझं उडालेलं आहे. गगनबावड्याला निघालो होतो, कळे गाव सोडल्यावर ऑफिसचा फोन आला. दोन्ही हात हँडलवर, नजर समोर, बोलणं कानात. फोन संपला तेव्हा साळवण मागे पडलं होतं आणि ते गाव कसं ओलांडलं ते मला काही केल्या आठवेना. शाळा सुटायची वेळ होती ती. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक गाडी चालवण्याच्या कलमात, २०१९ च्या दुरुस्तीनंतर हातात धरलेल्या फोनचा उल्लेख आहे. माझ्या हातात काहीच नव्हतं, तरी त्या चार-पाच किलोमीटरची भीती अजून गेलेली नाही. त्या दिवसापासून इंटरकॉमला फोन जोडत नाही.

मग तो काढून का टाकला नाही? बायकोमुळे. ती स्वतःची गाडी चालवते आणि बहुतेक वेळा माझ्या पुढे असते. फोनवरच्या साहेबाला माझ्यासमोरचं वळण दिसत नाही, म्हणून तो बोलतच राहतो. ही त्याच रस्त्यावर असते. वळण आलं की वाक्य अर्ध्यात सोडते, आणि पुढचं मी विचारत नाही.

गळीत हंगामात संध्याकाळी या रस्त्यावर आलात तर कळेल. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर वाड्याखाली, उसाच्या शेंड्याच्या पाल्याखाली, झाकलेला. दिवेलागणीला तो ऊस आणि अंधार एकाच रंगाचे होतात. एकदा समोरून येणाऱ्या ट्रकचा अप्पर दिवा थेट डोळ्यांवर होता, पुढचं काहीच दिसत नव्हतं. कानात एवढंच आलं : "अहो, ट्रॉली. उभी." मी वेग तोडला. ट्रक गेला तेव्हा ट्रॉली माझ्यापासून दहा-बारा पावलांवर होती. तिच्या शेजारून जाताना आम्ही दोघंही काही बोललो नाही.

घाटात मात्र यावर विसंबू नका. गगनबावड्याहून करूळला किंवा भुईबावड्याला उतरताना ती वळणाआड गेली की आवाज तुटतो. या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या, मध्ये डोंगर आला की अडतात. खोक्यावर छापलेलं अंतर मोकळ्या माळावरचं असतं. म्हणून आमचं ठरलेलं आहे : आवाज गेला तरी वळणावर थांबायचं नाही, पुढे रुंद जागा मिळेल तिथं थांबायचं. आणि गाणी अजिबात नाहीत. वळणापलीकडून एसटीचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे.

घेणार असाल तर दोघांना साधा ब्लूटूथवाला पुरतो. चार-पाच गाड्या असतील तर मेशचा घ्या. साखळीत जोडलेल्या ब्लूटूथमध्ये मधला एक मागे पडला की पलीकडचे तुटतात, मेश दुसऱ्या गाडीवरून वाट काढतो. पण दुकानात सगळ्यात जास्त वेळ स्पीकरला द्या. तो बरोबर कानाच्या भोकासमोर बसला पाहिजे. बोटभर जरी सरकला तरी ऐकू येत नाही, मग माणूस आवाज वाढवत जातो, आणि वाऱ्याचा गोंगाट असतोच. दोन्ही मिळून कान जातात. फुल फेस हेल्मेटला हनुवटीपाशी चिकटवायचा वायरचा माईक, उघड्या हेल्मेटला दांडीचा.

आम्ही रस्त्यावर वापरतो ते शब्द मोजके आहेत : खडी, खड्डा, ट्रॉली, म्हस, थांब. घरचं, मुलांचं, कुणाच्या लग्नाला जायचं ते सगळं गगनबावड्याच्या टपरीवर, हेल्मेट काढून.