मिसिरलू ऐकणारी माणसं

माझ्याकडे गिटार शिकायला येणारी मुलं आणि त्यांचे आईवडील गेली कित्येक वर्षं मला एकच प्रश्न विचारत आले आहेत. "सर, पहिल्या दिवशी सगळ्यांना तीच ती धून का ऐकवता?" त्याच्या पाठोपाठ दुसराही येतोच: "आणि ती मूळची कुठली?" आजवर मी दोन वाक्यांत उत्तर देऊन विषय मिटवत आलो. गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी फार आस्थेनं विचारलं, तेव्हा ठरवलं की आता नीट बसून लिहायचं. तुम्ही विचारलंत म्हणून.

पहिल्या तासाला मी कुणाच्या हातात गिटार देत नाही. डिक डेलची 'मिसिरलू' लावतो. १९६२ सालचं ध्वनिमुद्रण, सव्वादोन मिनिटांच्या आसपास, गाण्याचा एकही शब्द नाही. सर्फ रॉक म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या पोरांचं संगीत, आणि ही धून म्हणजे त्या संगीताचा जणू झेंडाच. ती संपली की मी विचारतो, "काय ऐकू आलं?" आणि गप्प बसतो. माझी शिकवणी खरी सुरू होते ती त्या उत्तरापासून.

मुलांची उत्तरं बहुतेक वेगाची असतात. गाडी सुटलीय, कुणीतरी कुणाच्या मागं लागलंय, पाऊस पत्र्यावर कोसळतोय. कॉलेजातली मुलं पहिल्या चार सुरांतच "पल्प फिक्शन!" म्हणून ओरडतात. टॅरेंटिनोच्या १९९४ च्या त्या चित्रपटाच्या सुरुवातीला ही धून आहे आणि जगभरच्या एका अख्ख्या पिढीला ती तिथूनच माहीत झाली. या उत्तरात चूक काही नाही. पण त्या मुलांनी चित्र आठवलं, ऐकलं नाही, म्हणून त्यांना मी ती डोळे मिटून पुन्हा ऐकायला लावतो.

मला स्वतःला ही धून खऱ्या अर्थानं ऐकू आली ती आईमुळे. मी विशीत होतो, खोलीत कॅसेट मोठ्यानं लावली होती. आई भजनी मंडळात पेटी वाजवायची. पोळ्या अर्धवट टाकून ती कणकेच्या हातानं दारात आली आणि म्हणाली, "अरे, भैरव कोण वाजवतंय एवढ्या घाईनं?" मी हसलो. तिनं हात धुतले, पेटी काढली, पांढरी तीनचा सा धरला आणि वाजवून दाखवलं. सा, कोमल रे, शुद्ध ग, म, प, कोमल ध, शुद्ध नी. तेच सूर! ज्या सुरांवर मी रोज पहाटे रेडिओ ऐकत मोठा झालो, ते परक्या किनाऱ्यावरच्या विजेच्या गिटारीतून येत होते आणि मी ते ओळखले नव्हते. त्या दिवशीची लाज आणि आनंद दोन्ही मला अजून आठवतात.

पुढे हे मी आमच्या गायनाच्या बाईंना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी पूर्ण धून ऐकली, मग म्हणाल्या, "सूर भैरवाचे आहेत. भैरव नाही." का ते गाऊन दाखवलं. भैरवातला रिषभ आणि धैवत आंदोलित असतात, त्यांच्यावर झुलत थांबावं लागतं आणि त्या झुलण्यातच भैरवाचं गांभीर्य आहे. "हा रिषभ नुसता पळतोय. पळणाऱ्याचं तोंड कसं दिसणार?" तेव्हापासून कुणी "सर, हा तर आपला भैरव!" म्हणालं की मला त्याच्या कानाचं कौतुक वाटतं, पण 'आपला' या शब्दापाशी मी त्याला थांबवतो.

कारण 'आपला' सगळेच म्हणतात. आमच्या मिरजेपासून कर्नाटक हाकेच्या अंतरावर. एक कानडी मुलगी शिकायला यायची, लहानपणी कर्नाटक संगीत शिकलेली. तिनं ऐकल्याबरोबर बोटांवर मात्रा मोजायला सुरुवात केली. तिच्या कानांना हा मायामाळवगौळ, म्हणजे त्या पद्धतीत मुलांना सगळ्यात आधी ज्यात सरळी वरिसै शिकवतात तो राग. आपण बाराखडी घोकतो तसं तिनं हे सप्तक घोकलेलं. अरबी आणि तुर्की संगीतात हेच सूर हिजाझकार नावानं ओळखले जातात. आणि ग्रीसमधले रेबेतिको हे शहरी लोकसंगीत वाजवणारे अशा स्वरमेळाला 'द्रोमोस' म्हणतात. द्रोमोस म्हणजे रस्ता. हा शब्द कळला तेव्हा मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला होता.

आता दुसरा प्रश्न, मूळची कुठली.

गाणं ग्रीक आहे. मिळालेलं सगळ्यात जुनं ध्वनिमुद्रण १९२७ चं, अमेरिकेतलं, आणि गाणारा थिओडोटोस दिमित्रियादिस. हा जन्मानं इस्तंबूलचा ग्रीक, १९२१ मध्ये अमेरिकेत गेलेला. मिखालिस पात्रिनोसनं १९३० च्या सुमारास ग्रीसमध्ये ते ध्वनिमुद्रित केलं. पण गाण्याचं नाव बघा. मिसिरलू म्हणजे मिस्रची, इजिप्तची मुलगी. शब्द तुर्की 'मिसिरली'वरून आला आणि ध्रुवपदात 'या हबीबी' ही 'माझ्या प्रिये' अशी अरबी हाक आहे. ख्रिस्ती ग्रीक तरुण इजिप्तच्या मुसलमान मुलीसाठी झुरतोय, असं ते गाणं. ग्रीकात म्हटलेलं, तुर्की नावाचं, अरबीत हाक मारणारं. ही ज्यांची भाषा होती ती माणसं एकाच गल्लीत राहत असत. इस्तंबूल, स्मिर्ना (आजचं तुर्कस्तानातलं इझमिर), अलेक्झांड्रिया ही तशी शहरं होती.

मग १९२२ मध्ये स्मिर्ना जळलं. पुढच्या वर्षी लोझानला करार होऊन ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी धर्म पाहून माणसांची अदलाबदल केली. सुमारे बारा लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले, ग्रीसमधले काही लाख मुसलमान तुर्कस्तानात गेले. त्या निर्वासितांच्या वस्त्यांतून, पिरेयसच्या बंदरातून रेबेतिको वाढलं. आपल्याकडे फाळणी पाहिलेल्या घरांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच 'हे कोणत्या देशाचं' या प्रश्नाला मला एका शब्दात उत्तर देववत नाही. देशच बदलले, गाणं राहिलं.

रचना कुणाची, हेही असंच. निक रुबानिस या अमेरिकेतल्या ग्रीक संगीतशिक्षकानं १९४१ मध्ये तिची जॅझ वळणाची वाद्यरचना केली आणि कागदावर रचनाकार म्हणून स्वतःचं नाव घातलं. त्याआधी चौदा वर्षं गाणं तबकडीवर होतं, तरी आजही श्रेयात नाव त्याचंच दिसतं. मला हे खुपतं. ज्यांनी ते प्रथम गुणगुणलं त्यांची नावं कुणी लिहूनच ठेवली नाहीत, आणि ज्यानं कागद भरला तो कर्ता झाला. आपल्या ओव्यांचं, लावण्यांचं असं किती झालं असेल!

डिक डेलकडे ही धून आली ती या कागदावरून नव्हे, घरातून आली. त्याचं खरं नाव रिचर्ड मन्सूर. जन्म १९३७, बॉस्टन, वडील लेबनॉनकडचे. काका ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवायचे आणि त्यांनीच त्याला तरबाकी, म्हणजे हातानं वाजवायचं ते पेल्याच्या आकाराचं तालवाद्य, शिकवलं. तो सांगायचा की एका लहान मुलानं त्याला विचारलं, "एकाच तारेवर अख्खं गाणं वाजवता येईल?" त्यानं उद्या ये म्हणून सांगितलं, रात्रभर विचार केला आणि काकांच्या ऊदावरची मिसिरलू आठवली. मूळ गाणं संथ. त्यानं ते तरबाकीच्या चालीनं पळवलं. तेव्हा कॅलिफोर्नियाच्या पोरांनी ज्याला समुद्र समजून डोक्यावर घेतलं, तो खरं तर लेबनॉनकडच्या एका घरातला दिवाणखाना होता. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे सांगतो तेव्हा ते क्षणभर गप्प होतात. ती शांतता मला फार आवडते.

ऐकणाऱ्यांत पायांनी उत्तर देणारेही असतात. १९४५ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठात एका कार्यक्रमासाठी ग्रीक नाच बसवायचा होता. एका ग्रीक वंशाच्या विद्यार्थिनीला क्रीट बेटावरचा सिर्तोस येत होता, पण त्याचं संगीत हाताशी नव्हतं. मिसिरलूची स्वरलिपी होती. मग तिच्यावर तो नाच जरा सावकाश करून बसवला आणि नाचालाही मिसिरलूच म्हणू लागले. आज जगभर तो ग्रीक नाच म्हणून नाचला जातो. अमेरिकेत जुळून आलेला नाच, पण पावलं खरीच क्रीटची, त्यामुळे त्याला खोटा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सगळ्यात बारकाईनं ऐकलं ते मिरजेतल्या एका चाचांनी. मिरज म्हणजे सतारी आणि तंबोऱ्यांचं गाव, पिढ्यान्‌पिढ्या भोपळे कोरणारी घरं. बाईंचा तंबोरा जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून तारांचा नाद खुलवायला, मी चाचांकडे नेला होता आणि बसल्या बसल्या फोनवर धून लावली. चाचांनी कानस खाली ठेवली. "हा दिर दिर दिर करतोय," ते म्हणाले, सतारीचा बोल म्हणून दाखवत. मग थोडं थांबून, "पण तार जाड आहे. फार जाड. साधी तार असा मार सोसणार नाही."

मी थक्क झालो, कारण ते अगदी खरं आहे. साधारण गिटारीची सगळ्यात जाड तार ०.०४६ इंचाची असते. डिक डेल ०.०६० इंचाची, म्हणजे दीड मिलिमीटरची लावायचा. त्या मारानं ॲम्प्लिफायर जळायचे, म्हणून गिटार आणि ॲम्प बनवणाऱ्या लिओ फेंडरनं त्याच्यासाठी जास्त ताकदीचा ॲम्प आणि १५ इंची स्पीकर घडवून घेतला. शिवाय हा माणूस डावरा. उजव्या हाताची गिटार उलटी धरायचा आणि तारा न बदलता वाजवायचा, त्यामुळे जाड तारा खाली, बारीक वर. चाचांना हे सांगितलं तर ते कौतुकानं मान हलवत राहिले. ना गिटारीशी संबंध, ना इंग्रजीशी. फोनच्या टीचभर स्पीकरमधून त्यांनी तारेची जाडी ओळखली होती. मी मुलांना 'ऐका' म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर चाचांचा चेहरा असतो.

आणि आता मेलबर्न. माझी ताई तिथं राहते. त्या शहरात ग्रीक माणसं खूप, आणि तिच्या शेजारीच एक ग्रीक आजी. आजींच्या आईचं माहेर स्मिर्नाचं, १९२२ मध्ये नेसत्या कपड्यांनिशी निघालेलं घर. मी ताईला म्हटलं, त्यांना डिक डेल ऐकवशील का? ताईनं ऐकवलं आणि रात्री फोन केला.

आजींनी शेवटपर्यंत ऐकलं म्हणे. रागावल्या नाहीत. नातवंडांना हे आवडतं, असं म्हणाल्या. मग ताईला विचारलं, "पण यात ती मुलगी कुठाय?"

मला हा प्रश्न झोपू देईना. मी इतकी वर्षं सूर ऐकले, वेग ऐकला, तारेची जाडी ऐकली. ज्या मुलीच्या नावानं ही धून ओळखली जाते ती कधी शोधलीच नाही. डिक डेलच्या बोटांतली आग मला मनापासून प्रिय आहे आणि राहील, ती त्याची स्वतःची आहे. पण त्या आगीत हाक विरून जाते हेही खरं. बाईंनी पळणाऱ्या रिषभाबद्दल जे सांगितलं होतं, तेच आजी मुलीबद्दल विचारत होत्या.

२००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकच्या समारोपाला ॲना विसीनं हे गाणं गायलं. तेही मी मुलांना ऐकवतो. पण दुसऱ्या आठवड्यात ताईनं जे पाठवलं त्याची सर त्याला नाही. तिनं आजींना विनंती केली होती, आणि आजींनी स्वयंपाकघरात बसून, वाद्याशिवाय, मिसिरलू गाऊन दिली. आवाज थकलेला आहे. मागे किटली उकळतेय. 'या हबीबी'पाशी त्या इतका वेळ थांबतात की पुढची ओळ विसरल्या की काय असं वाटावं. विसरलेल्या नसतात. तो कोमल रिषभ तिथं झुलतो.

बाई आज असत्या तर त्यांना पहिल्यांदा ऐकवलं असतं. ते राहून गेलं. आता पहिल्या तासाला मी डिक डेलनंतर आजींना लावतो आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतो, "काय ऐकू आलं?"

गेल्या दिवाळीच्या आधी बाईंचा तंबोरा परत चाचांकडे गेला. या वेळी मी आजींचं गाणं लावलं. चाचा काही बोलले नाहीत. गाणं संपल्यावर त्यांनी तंबोरा मांडीवर ओढला, खुंट्या पिळत जोड आजींच्या सा ला मिळवली, घोडीवरचा दोरा केसभर सरकवला, आणि तारा बोलायला लागल्यावर म्हणाले, "हां. आता लावा परत."