शून्याव्या महिन्यातला वाढदिवस

वर्षातून एकदा येणाऱ्या वाढदिवसावर हल्ली कुणाचं भागत नाही. दहा हजारावा दिवस, अब्जावा सेकंद, लग्नाचा हजारावा दिवस असे नवनवे मुहूर्त स्टेटसवर झळकत असतात. ज्याचा जन्म १५ ऑगस्ट १९९८चा, त्याचे दहा हजार दिवस ३१ डिसेंबर २०२५ला भरले. थर्टीफर्स्टच्या केकवरच परस्पर भागलं. दहा हजार दिवस म्हणजे साधारण सत्तावीस वर्षं साडेचार महिने. एक अब्ज सेकंद म्हणजे ११,५७४ दिवस आणि वर पावणेदोन तास, म्हणजे एकतीस वर्षं आणि आठ महिन्यांच्या थोडं पुढे. या वयात माणसाला गृहकर्जाचे हप्ते मोजायची सवय लागलेली असते, सेकंद मोजणं त्यामानाने सुखाचं.

हे हिशेब करायला ॲप लागत नाही. नोटपॅडमध्ये तारखेची एक चौकट, एक बटण आणि जावास्क्रिप्ट या ब्राउझरला कळणाऱ्या भाषेच्या पाच-सात ओळी लिहायच्या, फाइल एचटीएमएल म्हणून सेव्ह करायची आणि ब्राउझरमध्ये उघडायची. इंटरनेटही नको. गणित चौथीतल्या वजाबाकीचं आहे. तरीही अशा पुष्कळ स्क्रिप्टा, म्हणजे असे छोटे प्रोग्राम, कुठे ना कुठे एका दिवसाने चुकतात. वजाबाकी बरोबर असते. ‘दिवस’ कशाला म्हणायचं, हे मात्र लिहिणाऱ्याने ठरवलेलं नसतं. भिंतीवरच्या कॅलेंडरातला चौकोन की घड्याळातले चोवीस तास? आपण बोलताना दोन्ही एकच धरतो. संगणक धरत नाही.

जावास्क्रिप्टला मुळात तारीख ठाऊकच नाही, ठाऊक आहे तो क्षण. १ जानेवारी १९७०च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले, एवढा एकच आकडा ती जवळ बाळगते. भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. ही साडेपाच तासांची फट पुढे पुष्कळ घोळ घालते.

त्याआधी महिन्यांचा घोळ. जानेवारी हा शून्यावा महिना आणि डिसेंबर अकरावा. तारखा मात्र एकपासून, आणि वार पुन्हा शून्यापासून, रविवार म्हणजे शून्य. म्हणजे १५ ऑगस्ट लिहायला महिन्याच्या जागी ७ घालायचा. ८ घातला तर काहीही तक्रार न करता १५ सप्टेंबर हाती येतो. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीसाठी ही भाषा दहा दिवसांत उभी केली आणि तारखेचा भाग जावा या दुसऱ्या भाषेवरून जवळजवळ जसाच्या तसा उचलला. जावाने तो बराचसा लवकरच मोडीत काढला. जावास्क्रिप्टला तसं करता येईना, कारण तोवर जगभरची पानं त्यावर चालत होती. आता टेम्पोरल नावाची नवी सोय येते आहे, तिच्यात जानेवारी एकदाचा १ झाला आहे. ती सगळ्या ब्राउझरांत रुळेपर्यंत एक वजा करत राहायचं.

आता ती फट. तारखेच्या चौकटीत दिसताना १५/०८/२०२५ दिसलं तरी आतून मिळणारी अक्षरं ‘२०२५-०८-१५’ अशी असतात. ती जशीच्या तशी जावास्क्रिप्टच्या तारखा सांभाळणाऱ्या ‘डेट’ला दिली, की तो त्यांचा अर्थ ग्रिनिचची मध्यरात्र असा लावतो. मुंबईत ती पहाट साडेपाचची, तारीख १५च, म्हणून कुणाला काही कळत नाही. तीच स्क्रिप्ट न्यू जर्सीत उघडली तर तिथे आदल्या संध्याकाळचे आठ वाजलेले असतात आणि मंडळाच्या पानावर भारताचा स्वातंत्र्यदिन १४ ऑगस्टला येतो. नेमक्या त्या तारखेला यावा, हा खास विनोद. गंमत अशी, की ‘२०२५/०८/१५’ असं तिरप्या रेघांनी लिहिलं तर ब्राउझर ती स्थानिक मध्यरात्र धरतात. रेघ आडवी की तिरपी, यावर अख्खा दिवस ठरतो.

भारतात हाच घोळ उलट्या बाजूने होतो. आजची तारीख काढायला लोक टू-आयएसओ-स्ट्रिंग ही तयार सोय वापरतात आणि तिची पहिली दहा अक्षरं कापून घेतात. तिच्यात ग्रिनिचची वेळ असते. त्यामुळे रात्री बारा ते पहाटे साडेपाच ती कालचीच तारीख सांगते. दिवसा तपासलं तर सगळं चोख. नेमकं रात्री बारा वाजता शुभेच्छा झळकवायला लिहिलेलं पान पहाटे साडेपाचला जागं होतं.

उपाय साधा आहे. अक्षरं आडव्या रेघेवर तोडायची, तीन आकडे वेगळे करायचे, महिन्यातून एक वजा करायचा आणि ते ग्रिनिचच्या वेळेत मोजणाऱ्या डेट.यूटीसीला द्यायचे. दोन्ही तारखांचं असं करून वजाबाकी करा आणि ८,६४,००,००० ने भागा, एका दिवसात तेवढे मिलिसेकंद असतात. उत्तर पूर्णांकच येतं. स्थानिक वेळेत वजाबाकी केली तर अमेरिकेत १ मार्च ते १ एप्रिल हे अंतर ३१ दिवसांना एक तास कमी भरतं, कारण मधल्या एका रविवारी घड्याळं तासभर पुढे सरकतात. मॅथ.फ्लोअरने अपूर्णांक छाटला की उरले ३०. भारतात घड्याळ सरकत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, ते आपल्याकडेही तासभर पुढे होतं आणि ब्राउझरच्या टाइमझोनच्या कोष्टकात याची नोंद आहे. १९४३ साली जन्मलेल्या आजोबांचे दिवस स्थानिक वेळेत मोजले तर एक तास जास्त निघतो. त्यात वर ढकलणारं मॅथ.सील वापरलं, तर आजोबा एका दिवसाने थोर होतात.

दिवस मोजल्यावर प्रश्न उरतो पहिला दिवस धरायचा की नाही हा. वजाबाकी तो धरत नाही, आपल्या रूढी धरतात. बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे जन्मतारखेत ११ मिळवायचे. दहावा-तेराव्याचंही तसंच. त्यामुळे स्क्रिप्टमध्ये ‘किती दिवस झाले’ आणि ‘कितवा दिवस’ अशी दोन वेगळी नावं ठेवावीत. एकाच नावात दोन्ही कोंबलं की गुरुजी आणि संगणक यांच्यात वाद ठरलेला, आणि त्यात गुरुजीच बरोबर असतात.

वयासाठी दिवसांना ३६५.२५ ने भागायचा मोह टाळावा. पहिल्या वाढदिवशी बाळाचे ३६५ दिवस झालेले असतात, भागाकार ०.९९९ येतो आणि स्क्रिप्ट म्हणते वय शून्य. सरळ सालांची वजाबाकी करावी, आणि यंदाचा वाढदिवस अजून आला नसेल तर एक कमी करावा. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्यांसाठी मात्र निर्णय घ्यावा लागतो. साल बदललं आणि ते लीप नसलं की जावास्क्रिप्ट त्यांना १ मार्चला ढकलते. मोरारजी देसाई २९ फेब्रुवारी १८९६चे. १९०० हे साल चारने भाग जाऊनही लीप नव्हतं, कारण शतकाच्या सालाला ४०० ने भाग जावा लागतो. म्हणजे त्यांचा पहिला खरा वाढदिवस थेट १९०४ साली, आठव्या वर्षी. ‘चारने भाग गेला की लीप’ एवढंच लिहिलेली स्क्रिप्ट २००० साली नशिबाने बरोबर ठरली, २१०० साली उघडी पडेल.

या ढकलण्याच्या सवयीचा फायदाही घेता येतो. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला तर ३१ फेब्रुवारी नसल्यामुळे ३ मार्च मिळतो, लीप वर्षी २ मार्च. हप्त्यांच्या तारखा काढताना हे नडतं. पण याच न्यायाने एखाद्या महिन्याची शून्य तारीख मागितली, की आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस मिळतो, मग तो २८ असो, २९, ३० किंवा ३१. महाराष्ट्रात याचा सर्वांत झकास उपयोग निवृत्तीच्या तारखेला होतो. राज्य सरकारी कर्मचारी, चतुर्थश्रेणी वगळता, ज्या महिन्यात ५८ वर्षं पूर्ण होतात त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. जन्म एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीस. हा अपवाद वेगळा लिहायची गरज नाही. जन्मतारखेतून आधी एक दिवस वजा करा, सालात ५८ मिळवा, महिन्यात एक, आणि तारीख शून्य मागा. १५ जून १९६७चा माणूस ३० जून २०२५ला सुटतो, १ जून १९६७चा ३१ मे २०२५ला. आणि १ जूनची माणसं आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसेल तर मास्तर १ जून लिहून मोकळे होत. म्हणून दर ३१ मेला कार्यालयांत निरोपसमारंभांची झुंबड उडते. कर्मचाऱ्यांच्या यादीवर ही स्क्रिप्ट चालवून महिनावार आलेख काढला, की मे अखेरीचा खांब बाकीच्यांच्या डोक्यावर गेलेला दिसतो.

सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेब मात्र जरा जपून सांगावा. दोन पौर्णिमांमधलं सरासरी अंतर २९.५३०५९ दिवस. हजाराने गुणलं की २९,५३१ दिवसांच्या आतबाहेर, म्हणजे ऐंशी वर्षं दहा महिने. ऐंशी पूर्ण झाल्याबरोबर सोहळा करणाऱ्या घरात पौर्णिमा भरतात ९८९ किंवा ९९०. आजीला हे सांगायची काही गरज नाही. हॉल बुक झालेला असतो.

मराठी पान करायचं तर तारीखही मराठीत हवी. ब्राउझरला ‘एमआर-आयएन’, म्हणजे भारतातली मराठी, असं सांगितलं की तो ‘१५ ऑगस्ट’ असं देवनागरी अंकांत लिहून देतो. दिसायला देखणं. तेच पुन्हा वाचून आकडेमोड करायला गेलात तर हाती ‘नॅन’ येतं, म्हणजे हा आकडाच नव्हे. ‘१५’ वाचणं जावास्क्रिप्टला जमत नाही. दाखवायचं देवनागरीत, साठवायचं इंग्रजी अंकांत. ब्राउझरकडून शकही मागता येतो, पण तो मेघनाद साहा समितीचा राष्ट्रीय सौर शक. २२ मार्च १९५७ म्हणजे १ चैत्र १८७९ असा तो सुरू झाला. त्याचा चैत्र दरवर्षी २२ मार्चला, लीप वर्षी २१ला लागतो. त्याला पाडवा समजून गुढी उभारू नये.

संवत्सराचं नाव काढणं सोपं. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल त्या क्रमांकाचं नाव, प्रभव पहिला. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. स्क्रिप्टमधली यादी शून्यापासून सुरू होते म्हणून तिथे १२ऐवजी ११ मिळवायचे, की शून्याची अडचणही आपोआप मिटते. पडताळा घ्यायचा तर शके १५९६ घ्या: १,६०८ ला ६० ने भागून उरले ४८, आनंद संवत्सर. शिवराज्याभिषेकाच्या संवत्सराशी तंतोतंत. शिवजन्माचा शके १५५१ घेतला तर बाकी ३, शुक्ल. इथवर छान. पण उत्साहाच्या भरात १९ फेब्रुवारी १६३०चा वार विचारला, तर जावास्क्रिप्ट सांगते मंगळवार. इतिहासात शुक्रवार आहे. १९ फेब्रुवारी ही जुन्या जुलियन पंचांगाची तारीख. जावास्क्रिप्ट अख्ख्या भूतकाळाला आजचं ग्रेगोरियन पंचांग लावते. दहा दिवस मिळवून १ मार्च १६३० विचारा, शुक्रवार मिळतो. सतराव्या शतकातल्या इंग्रजी पत्रांच्या तारखांनाही आधी हाच दहाचा फरक जोडावा.

राहिल्या सुट्ट्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या. गुड फ्रायडे काढता येतो. ईस्टरचा रविवार काढायची दहा-बारा ओळींची रीत १८७६ साली ‘नेचर’मध्ये छापून आली होती, नुसते भागाकार आणि बाकी. त्यातून दोन दिवस वजा. २०२६साठी उत्तर ३ एप्रिल. इथून पुढे मात्र सूत्रं संपतात. गणेश चतुर्थी २०२३ला १९ सप्टेंबर, २०२४ला ७ सप्टेंबर, २०२५ला २७ ऑगस्ट. एकोणीस वर्षांनी तिथी जवळजवळ त्याच तारखेला येते, २००४ची चतुर्थी १८ सप्टेंबरला होती. पण या ‘जवळजवळ’वर रजेचा अर्ज टाकता येत नाही. तिथी सूर्य-चंद्रातल्या बारा-बारा अंशांवर ठरते, आणि त्यावर कुठला सण सूर्योदयाची तिथी बघतो आणि कुठला मध्यान्हीची, हा नियम. ब्राउझर इस्लामी तारखाही देतो, पण त्याची उम-अल-कुरा पद्धत सौदीची. २०२५ची रमजान ईद तिकडे ३० मार्चला झाली, आपल्याकडे ३१ला.

एवढं सगळं गणित जमवलं तरी सुट्टी चुकू शकते. २०२४ साली मुंबईत ईद-ए-मिलादची सुट्टी १६ सप्टेंबरवरून १८ला नेली, २०२५ साली ५ सप्टेंबरवरून ८ला. कारण विसर्जनाच्या मिरवणुका. चंद्र आपल्या जागी होता, शासननिर्णय सरकला. म्हणून सुट्ट्यांची यादी स्क्रिप्टच्या आत लिहू नये, वेगळ्या फाइलीत ठेवावी: तारीख, नाव, जिल्हा आणि दुरुस्तीचा दिवस. जिल्ह्याचा रकाना विसरू नये. मुंबईची बदललेली सुट्टी नागपूरच्या माणसाला दाखवली तर तो त्या दिवशी खुशाल घरी बसेल.