तुम्ही विचारलंत म्हणून: जर्मनीत किराणा कसा भरायचा?

जर्मनीला निघालेल्या प्रत्येकाचा हा प्रश्न ठरलेला. त्याच्या शेपटाला दुसरा: डाळ-पीठ इथूनच बॅगेत कोंबायचं का? नको. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला आणि कुकरची एक जादा रिंग घ्या. बाकीचा माल तिथे मिळतो. घोटाळा होतो तो पाकिटावरचं नाव वाचताना.

पहिला बळी जिऱ्याचा. 'क्युमेल' लिहिलेल्या डबीतले दाणे दिसायला जिऱ्यासारखेच, म्हणून ती उचलली जाते. ते असतं कॅरावे. फोडणीत पडलं की वरणाला जर्मन पावाचा वास. आपलं जिरं म्हणजे 'क्रॉइत्सक्युमेल', आणि 'श्वार्त्सक्युमेल' म्हणजे कलौंजी. तसंच 'हिर्झे'चं. शब्दकोश सरळ बाजरी म्हणून मोकळा होतो, पण ते बहुधा वरीच्या जातीचं धान्य असतं. त्याची भाकरी थापायला जाऊ नका.

आता पीठ. गव्हाच्या पिठावर टाइप ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर जितके मिलिग्रॅम राख उरते, तो हा आकडा. राख प्रामुख्याने कोंड्यातल्या खनिजांची, त्यामुळे आकडा चढला की कोंडा वाढला. ४०५ म्हणजे जवळजवळ मैदाच. त्याची पोळी तव्यावरून उतरताना छान, दुपारी डब्यात चामडं. दुसऱ्या टोकाला 'फोलकॉर्न', म्हणजे अख्ख्या गव्हाचं. त्याला आकडा नसतो, आणि कोंडा भरड असला की लाटताना कडा फाटतात. अर्धं फोलकॉर्न आणि अर्धं 'डिंकेल ६३०' घ्या. डिंकेल हा गव्हाचाच जुना भाऊबंद. त्याची कणीक लाटताना कमी आखडते, पोळी मऊ राहते. पाणी मात्र हात राखून घाला. आपल्याकडे चक्कीच्या दगडाखाली पिठातला स्टार्च बराच फुटतो आणि मग पाणी पितो. तिथलं रोलरवर दळलेलं पीठ तेवढं पीत नाही, त्यामुळे सवयीने ओतलंत तर चिखल. भिजवून अर्धा तास झाकून ठेवलंत की कोंडाही मऊ पडतो.

'ग्रीस' म्हणजे रवा. 'वाइखवाइत्सन' लिहिलेला शिऱ्याला, 'हार्टवाइत्सन' उपम्याला. उलट केलंत तर उपम्याची खळ होते.

दूध फ्रिजमधलं 'फ्रिशे फोलमिल्श' घ्या, साडेतीन टक्क्यांचं. बहुतेक दूध होमोजिनाइज केलेलं, म्हणजे त्यातली चरबी बारीक फोडून दुधात मिसळलेली असल्याने जाड साय धरत नाही. तेव्हा साय साठवून लोणी काढायचा बेत सोडा आणि विकतचं लोणी कढवा. २५० ग्रॅमच्या पाकिटातून २०० ग्रॅमच्या आसपास तूप निघतं. पाकिटावर 'झाउअररामबुटर' असेल तर उत्तम, कारण ते विरजलेल्या सायीचं असतं आणि तुपाचा वास घरच्या तुपाच्या जवळ जातो. 'गेझाल्त्सन' म्हणजे मीठ घातलेलं, त्याला हात लावू नका. तयार तूप 'बुटरश्माल्त्स' नावाने मिळतं. मात्र 'श्वाइनेश्माल्त्स' म्हणजे डुकराची चरबी, आणि नुसतं 'श्माल्त्स' लिहिलेलंही बहुधा तेच. बाहेर शेल्फवर असतं ते 'हा-मिल्श', म्हणजे खूप तापवून टिकाऊ केलेलं दूध, चहाला चालतं. पनीरला नको, गोळा नीट बांधत नाही.

बटाट्याच्या पिशवीवर 'फेस्टकोखेंड' असेल तर काचऱ्या आणि रस्सा, 'मेलिशकोखेंड' असेल तर वडे. एवढी सोय आपल्या मंडईतही नाही!

मसूरडाळ 'रोटे लिन्झेन' नावाने कुठल्याही सुपरमार्केटात असते. बेसन मिळतं डीएम, रॉसमनसारख्या साबण-शांपूच्या दुकानांत, 'किखरएर्बझेनमेल' या लांबलचक नावाने. ते काबुली चण्याचं असतं. पिठल्याला चालून जातं, लाडवाला नाही. कोथिंबीर, पुदिना, भेंडी, लहान वांगी यांसाठी तुर्की दुकान गाठा. तिथे जुडी जुडीसारखी असते, सुपरमार्केटात चार काड्या प्लास्टिकमध्ये. तूरडाळ, पोहे, साबुदाणा, ज्वारीचं पीठ आणि कढीपत्ता यांसाठी भारतीय दुकान, महिन्यातून एकदा पुरे.

भाव पाहताना मोठा आकडा सोडून त्याखालचा बारीक वाचा, तो किलोचा किंवा लिटरचा असतो. सामानाची ढकलगाडी साखळीतून सोडवायला बऱ्याच ठिकाणी नाणं लागतं. काउंटरवर माल विजेच्या वेगाने पुढे सरकतो. तिथेच पिशवी भरत बसू नका, सगळं गाडीत ओढा आणि बाजूला जाऊन भरा. पट्ट्यावर जड वस्तू आधी ठेवल्या की टोमॅटो वाचतात. पाण्याच्या एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट 'प्फांट', म्हणजे अनामत, लागते. रिकामी बाटली मशीनमध्ये घातली की चिठ्ठी मिळते आणि ती बिलातून वजा होते. बाटली चेपू नका. बारकोड वाचता आला नाही की मशीन ती परत ढकलतं.

रविवारी दुकानं बंद, मोठ्या स्टेशनांतली काही सोडली तर. ईस्टरला गुड फ्रायडे, रविवार आणि सोमवार असे तीन दिवस बंद, मधला शनिवार तेवढा उघडा. त्या शनिवारी दुकान उघडतानाच पोचा.