मोसंबीची साल

परवा दुपारी जालन्यात मोसंबीच्या रसाच्या गाड्यापाशी उभा होतो. ग्लास दोन घोटांत संपला. लक्ष मात्र गाड्याखालच्या सालींच्या ढिगावरच खिळून राहिले. जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण मान सगळा फळाला. साल गेली उकिरड्यावर.

लहानपणी लोडशेडिंगच्या अंधारात आम्ही भावंडे चिमणीभोवती बसून सालीचा तुकडा ज्योतीजवळ दुमडायचो. बारीक तुषार उडे, ज्योत तडतडे आणि निळ्या-पिवळ्या ठिणग्यांची फुलबाजी क्षणभर चमकून जाई. ते सालीतले तेल होते, त्यातला मुख्य घटक लिमोनीन, हे पुष्कळ वर्षांनी कळले. त्या वेळी फक्त आजीचा आवाज कळत होता: "अरे, डोळ्यात उडंल! साली इकडं आणा, उटण्याला लागत्यात."

त्या तेलाच्या पिवळ्या थराखाली जो पांढरा, मऊ, कडसर कापूस असतो (मी तो अजूनही नखाने खरवडून खातो आणि घरच्यांची बोलणी ऐकतो), त्यात पेक्टिन असते. आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1825 मध्ये त्याला हे नाव दिले, आणि जॅम घट्ट धरून ठेवणारे बाजारातले पेक्टिन आजही बरेचसे रस काढून उरलेल्या लिंबूवर्गीय सालींपासूनच तयार होते. आम्लयुक्त गरम पाण्यात साल शिजवायची, पाणी गाळून घ्यायचे आणि त्यात अल्कोहोल ओतायचे, की पेक्टिन तंतूंसारखे वेगळे होऊन वर येते.

गाडेवाल्याकडून पिशवीभर साली मागून आणल्या. "जनावराला का?" त्याने विचारले, मी मान डोलावली, कारण खरे सांगणे अवघड होते. घरी लिंबू पिळून तासभर उकळल्या. अल्कोहोल आणण्याची परवानगी अर्थातच मिळाली नाही, त्यामुळे पातेल्यात उरली ती वाडगाभर गढूळ, बुळबुळीत खळ. तिने वीजबिलाची फाटलेली कड चिकटवून पाहिली. अजून सुटलेली नाही. उरलेल्या साली गच्चीवर जुन्या धोतरावर वाळत घातल्या आहेत. उटणे लावणारे आता घरात कोणी नाही.

आजी गेल्यावर माळा आवरताना वाळलेल्या सालींनी गच्च भरलेला तिचा पत्र्याचा डबा सापडला होता. तो मीच उकिरड्यावर रिकामा केला होता, झाकण उघडून वाससुद्धा न घेता, घाईघाईने.