खंड्याच्या कानातला गोचीड

मागच्या जूनमध्ये आमच्या कुत्र्यानं, खंड्यानं, दोन दिवस भाकरीला तोंड लावलं नाही. अंग तापलेलं, हिरड्या पांढुरक्या. कान उलटून पाहिला तर घडीत एरंडाच्या बीएवढा टम्म फुगलेला, राखाडी गोचीड! रक्त तपासलं तर प्लेटलेट घसरलेल्या, एर्लिकिया, म्हणजे गोचिडातून होणारा रक्ताचा आजार, निघाला. 28 दिवस डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक चाललं. त्या रात्री मी त्याच्या पोटावर हात ठेवूनच झोपायचे.

शेजारच्या काकू म्हणाल्या, रॉकेल लाव. कृपा करून असलं काही करू नका. चिमट्यानं अगदी कातडीलगत धरायचा, सरळ वर ओढायचा, चिरडायचा नाही. मी तो स्पिरिटच्या बाटलीत टाकते.

मला उशिरा कळलं ते हे, की रक्त पिऊन झालं की मादी खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. म्हणून पायरीखालच्या भेगा बुजवल्या. त्याचं गोणपाट उकळत्या पाण्यातून काढते. गोचिडांची गोळी डॉक्टरांनी वजन करूनच ठरवली. (घरात मांजर असेल तर कुत्र्याचे परमेथ्रिन या गोचीडनाशकाचे थेंब तिच्यापासून दूरच ठेवा, तिला ते विष आहे.)

रोज संध्याकाळी कान, काखा, बोटांच्या बेचक्या चाचपते. आता पायरीवर बसले की खंड्या आपणहून पंजा पुढे करतो.