दुखतंय तरी वजन का उचलायला लावता?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि ज्या ज्या पेशंटने विचारलंय त्या सगळ्यांसाठी एकदाच सांगते. टाचेमागची शीर दुखतेय, आणि मी मात्र खांद्यावर वजन घेऊन टाचा उचलायला लावते. आराम का सांगत नाही?

आरामाने दुखणं शमतं, पण अकिलीस टेंडनची, म्हणजे ह्याच टाचेमागच्या शिरेची, ताण सोसायची ताकद वाढत नाही, उलट घटते. मग बरं वाटलं म्हणून पळायला गेलात की तोच ताण आणखी कमजोर टेंडनवर येतो.

पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी आली होती. 800 मीटरसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावायची. दुखलं की बंद, तेल-मालिश, बरं वाटलं की पुन्हा धाव. वर्षभर हेच. मैदानी चाचणी पाच आठवड्यांवर आलेली. वडील म्हणाले, "मॅडम, तेवढ्यात बरं करा." मी म्हटलं, निदान बारा आठवडे लागतील. तेव्हा ती म्हणाली, "वर्षभर आरामच करत होते की. तो कुठे गेला?" ह्याचं उत्तर देणं मला जड गेलं.

धावणं मी पूर्ण थांबवलं नाही. दिवसाआड, दुखणं दहापैकी पाचच्या आत, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे. जोडीला वजन. ती धावली, गुण कमी पडले. वयाची मर्यादा जवळ आलेली. वजनानेच तिचा पाय थकला, असं वडिलांना आजही वाटतं. मला ते मान्य नाही. पण त्या पाच आठवड्यांत धावणं साफ बंद ठेवायला हवं होतं का, ह्यावर माझं मन अजून इकडे-तिकडे होतं.

शिकून बाहेर पडले तेव्हा मी 1998 च्या अल्फ्रेडसन पद्धतीची कट्टर होते: पायरीवरून टाच खाली सोडायची, रोज 180 वेळा, बारा आठवडे. 2015 मध्ये डेन्मार्कच्या अभ्यासात आठवड्यातून तीनदाच, पण जड आणि संथ व्यायामाचा गुण तितकाच आला. आता मी तेच देते: तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली, पंधरा वेळा जमेल अशा वजनापासून सहाच वेळा जमेल अशा वजनापर्यंत. टाचेच्या हाडालगत दुखत असेल तर सपाट जमिनीवरच करा. व्हिडिओ बघून पायरीवर करणाऱ्यांचं तिथलं दुखणं वाढलेलं मी पाहते.

रोज केल्याशिवाय टेंडन कसं सुधारेल, असं ती जुनी मी अजून विचारते. माझं उत्तर तिला पुरतं पटलेलं नाही.